प्रेसिंग, ट्रांझिशन आणि ‘प्रतिहल्ला’

प्रश्न : फुटबॉलच्या मराठी बातमीत ‘प्रेसिंग’ला ‘दबावतंत्र’ आणि ‘ट्रांझिशन अटॅक’ला ‘प्रतिहल्ला’ लिहिलं तर चालेल का? ‘संक्रमण’ हा शब्दही वाचनात आला.

उत्तर : ‘संक्रमण’ आधी बाजूला ठेवू. क्रीडापानावर त्याचं काम ठरलेलं आहे. जुने खेळाडू निवृत्त होऊन नवे येऊ लागले की संघ ‘संक्रमणातून’ जात असतो, आणि त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. फुटबॉलमधलं ट्रांझिशन, म्हणजे चेंडूचा ताबा एका संघाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा क्षण, काही सेकंदांत आटोपतं.

‘दबावतंत्र’ जागावाटपाच्या बातम्यांनी कधीच पळवलंय. ‘दडपण’ घ्यावं, तर ते मनावरचं. ‘स्पेन दडपणाखाली खेळला’ म्हटलं की स्पेनचे खेळाडू बिचकले होते, असंच कुणीही समजेल. प्रेसिंगमध्ये मात्र एक जण चेंडूवाल्याच्या अंगावर धावून जातो आणि त्याच क्षणी बाकीचे त्याच्या पासच्या वाटा अडवतात. हे दुसरं नसेल तर पहिली नुसती दमछाक. म्हणून मला ‘कोंडी’ बरा वाटतो. चहूकडून अडवणं त्यात आपसूक येतं आणि चलाख संघ त्यातून निसटला तर ‘कोंडी फोडली’ म्हणता येतं. अडचण एकच : शून्य-शून्यवर अडलेल्या सामन्यासाठी आपण ‘गोलकोंडी’ वापरतो. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर वाचक गोंधळेल, तेवढं सांभाळावं.

खरा पेच ‘प्रतिहल्ला’चा. आधी हल्ला झाला असेल तरच प्रतिहल्ला होतो. 2018च्या विश्वचषकातला बेल्जियम-जपान सामना घ्या. 2-2 अशी बरोबरी, भरपाई वेळ चालू, जपानचा कॉर्नर. बेल्जियमचा गोलरक्षक कोर्त्वा याने चेंडू झेलून डी ब्रुइनकडे सोपवला, मग मूनिएचा क्रॉस, लुकाकूने तो न स्पर्शता सोडला आणि शाडलीने गोल केला. हा अस्सल प्रतिहल्ला. जपान पुढे चढलं होतं, मागे मैदान मोकळं होतं. बेल्जियमने चेंडूसाठी कुणाची कोंडी केलीच नव्हती.

आता 2014च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, ब्राझीलमधलं बेलो होरिझोंते. 24व्या मिनिटाला क्रूसने जर्मनीचा तिसरा गोल केला. ब्राझीलने मधल्या वर्तुळातून खेळ पुन्हा सुरू केला, चेंडू मागे फर्नांडिन्होकडे आला आणि क्रूसने तो त्याच्या पायातून काढून घेतला. सहकारी खेदिराशी देवाणघेवाण करून 26व्या मिनिटाला चौथा गोल. ब्राझीलने हल्ला केलाच कुठे होता, की त्यावर ‘प्रति’ लागावं? शाडलीच्या गोलासाठी चेंडूला जवळजवळ अख्खं मैदान पार करावं लागलं. इथे तो गोलाजवळच हाती लागला आणि समोरचे बचावपटू अजून सावरलेही नव्हते. कोंडी जितकी पुढे, तितकी चढाई आखूड.

ती किती आखूड होऊ शकते, हे 2022च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध ऑस्ट्रेलियाला कळलं. मागे आलेल्या पासवर अर्जेंटिनाचा डी पॉल गोलरक्षक रायनच्या अंगावर धावला, रायन चाचरला, डी पॉलचा सहकारी अल्वारेझने चेंडू पटकावून जाळ्यात सारला. एकही पास नाही! मागे दिलेला पास, बाजूरेषेजवळ स्वतःच्या गोलाकडे तोंड करून उभा असलेला बचावपटू, पायातून सुटलेला चेंडू, या प्रेसिंग सुरू करायच्या खुणा असतात. राष्ट्रीय संघांना एकत्र सरावाचे दिवस क्लबांपेक्षा फारच कमी मिळतात, त्यामुळे पूर्ण 90 मिनिटं कोंडी करण्यापेक्षा अशा निवडक खुणांवर तुटून पडणं त्यांना परवडतं. जपानने त्याच स्पर्धेत स्पेनविरुद्ध वेळही निवडली. पूर्वार्धात मागे बसून एक गोल खाल्ला, मध्यंतरात दोआन आणि मितोमा आत आले, आणि उत्तरार्ध सुरू होताच सगळे पुढे सरकून स्पेनच्या बचाव फळीवर धावले. 48व्या मिनिटाला उजवीकडे सैल पडलेला चेंडू दोआनने डाव्या पायाने जाळ्यात धाडला. हा गोल ‘प्रतिहल्ल्यात’ झाला असं लिहिणं मला तरी पटणार नाही.

मग ट्रांझिशनला काय म्हणावं? ‘ताबापालट’ चालेल. सत्तापालट, खांदेपालट आपल्या तोंडात आहेतच, शिवाय ‘चेंडूचा ताबा’ क्रीडापानावर जुना आहे. ताबापालटानंतर होते ती चढाई. प्रतिहल्ला हा तिचा एक प्रकार, कोंडीतून मिळालेली चढाई हा दुसरा. बातमीत चेंडू कुठे हिसकावला एवढं आलं, तर प्रकार वेगळा सांगायचीही गरज नाही.

जर्मन ‘गेगेनप्रेसिंग’बद्दलही विचारणा होते. त्यातलं ‘गेगेन’ म्हणजे ‘विरुद्ध’, आणि तो रोख समोरच्याच्या संभाव्य प्रतिहल्ल्यावर आहे : चेंडू गेला की मागे न पळता जागच्या जागी लगेच कोंडी करायची. ‘प्रतिकोंडी’ हा शब्द त्यामुळे दिशाभूल करेल, कारण समोरच्याने आपली कोंडी केलेलीच नसते. ‘चेंडू गमावताच कोंडी’ असं तीन शब्दांत लिहावं. ‘प्रेसिंग’ तसंच ठेवलं तरी माझी हरकत नाही. ‘पेनल्टी’ आणि ‘कॉर्नर’ला कोण मराठी शब्द शोधतंय?