मुलाला रायफल नेमबाजीत घालायचंय, पैसे कमी आहेत. परदेशात काडतुसं घरी भरून खर्च वाचवतात, तसं नाशिकमध्ये करता येईल का?

काडतुसं घरी भरायचा विषय आधी संपवतो. दारूगोळा बनवायला शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. अमेरिकेतला माणूस गॅरेजमध्ये प्रेस लावून वापरलेल्या टरफलात नवा प्रायमर, म्हणजे पेट घेणारी छोटी टोपी, ठोकतो, पावडर तोलून घालतो, वर बुलेट बसवतो. त्याला हे सगळं तिकडे दुकानात मिळतं. आपण तो नाद सोडायचा. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी तुमच्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नाही. ५० मीटरला .२२ ची काडतुसं वापरतात, ती रिमफायर. पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत असतो, पिन त्या कडेवरच आपटते आणि कड चेपते. एकदा उडालं की टरफल भंगारात. रिलोडिंग, म्हणजे पुन्हा भरणं, होतं ते सेंटरफायरचं, ज्यात प्रायमर बुडाच्या मधोमध असतो, म्हणजे ३०० मीटरवाल्यांचं, आणि ३०० मीटर तर १९७२ नंतर ऑलिंपिकमध्येसुद्धा नाही. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ४५१.४ मारून ब्राँझ आणलं, तेही रिमफायरवरच. तो राधानगरीकडच्या कांबळवाडीचा, पण नेमबाजीची सुरुवातीची वर्षं त्याने इथे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत काढली, हे तुमच्या सातवीतल्या पोराला आवर्जून सांगा.

तेव्हा सुरुवात १० मीटर एअर रायफलने. ४.५ मिमीचा छर्रा, शस्त्र परवान्याची भानगड नाही.

खरं तर इथेच थांबलो असतो, पण तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की ‘रेंजवरचे सर म्हणतात, स्वस्त छर्रे वापरले तर मुलाचं नुकसान होईल, घ्यायचा तर जर्मन डबाच घ्या.’ हे वाक्य वाचून मी जेवता जेवता उठलो. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मला माझ्या मुलीच्या देखत ऐकवलं गेलंय.

मुलगी तेव्हा आठवीत होती. रेंजची रायफल, मोठ्या मुलीकडून घेतलेलं जॅकेट, ४० शॉटला साडेतीनशेच्या आसपास स्कोअर. तिथून पुढे सरकत नव्हता. एका रविवारी सरांनी आम्हा सगळ्या पालकांसमोर तिचं टार्गेट वर धरलं आणि म्हणाले, “हिचं सगळं बरोबर आहे, या डब्यापायी अडलंय. वडिलांनी थोडा हात सैल सोडायला हवा.” बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या. घरी येताना स्कूटरवर मागे बसून मुलगी म्हणाली, “बाबा, तो डबा आणूया ना, मी दुसरं काही मागणार नाही.” तो डबा आमच्या डब्याच्या दुपटीहून महाग. डबा आणणं अवघड नव्हतं. पण तिच्या डोक्यात बसलं होतं की आठ लागतो तो छर्र्यामुळे, आणि छर्रा स्वस्त तो बाबांमुळे. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो. मोजल्याशिवाय एखादी गोष्ट खरी मानायची सवय नाही. मॅच रायफलच्या स्टॉकखाली पुढच्या बाजूला एक रेल असते, पुढचा हात अडवणारा हँडस्टॉप लावायची. त्या रेलमध्ये बसेल असा टी-नट काढला, खाली जाड ॲल्युमिनिअमचा ब्लॉक, ब्लॉकला दोन सी-क्लॅम्प. मागे बटप्लेटला, म्हणजे खांद्याला टेकते त्या पट्टीला, टेकायला चामडं लावलेला आधार. बॅरलला कुठेच हात लावायचा नाही हे पथ्य, कारण बॅरल आवळलं की ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, भलतीकडे जातो. रेंजची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांची रीतसर परवानगी घेतली आणि दुपारी रेंज रिकामी असताना ते धूड टेबलावर आवळलं. सरांनाही बोलावलं होतं, आले होते.

तीन डबे होते. आमचा स्वस्त चपट्या डोक्याचा, सरांचा जर्मन चपट्या डोक्याचा आणि एक गोल डोक्याचा, जो काही पालक आणखी स्वस्त पडतो म्हणून आणत. प्रत्येकाचे पाच-पाच शॉटचे ग्रुप, दर वेळी नवीन कागद. चपट्या डोक्याचा छर्रा कागदाला पंचने पाडल्यासारखं स्वच्छ भोक पाडतो, गोल डोक्याचा कागद फाडत जातो आणि भोकाला झालरी सुटतात, तिथे व्हर्नियर लावायलाच त्रास. ग्रुपचं बाहेरून बाहेर माप घ्यायचं आणि त्यातून ४.५ वजा करायचे, म्हणजे केंद्रापासून केंद्राचं अंतर मिळतं. जर्मन डबा दोन मिमीच्या आसपास. आमचा डबा तीनच्या आत. गोल डोक्याचा आठच्या पुढे गेला, तो बाद.

आता हिशेब बघा, कारण इथेच सगळी मेख आहे. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा. पण छर्र्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा. छर्र्याची त्रिज्या २.२५, ठिपक्याची ०.२५, म्हणजे छर्र्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिमीपर्यंत कुठेही पडलं तरी दहाच. पुढची प्रत्येक रिंग अडीच-अडीच मिमीने. नऊ पाच मिमीपर्यंत, आठ साडेसातपर्यंत. आमच्या स्वस्त डब्याचा ग्रुप तीन मिमीचा, म्हणजे मध्यापासून जास्तीत जास्त दीड इकडे किंवा दीड तिकडे. क्लॅम्पमध्ये आवळलेली रायफल दोन्ही डब्यांनी सगळे दहाच मारत होती. माझी मुलगी मारत होती आठ. तिचे पाच-सात मिमी जात होते, त्यात डब्याचा वाटा मिमीभरही नव्हता. उरलेलं सगळं तिच्या उभं राहण्यात, श्वासात आणि बोटात होतं.

सर कागद बघून म्हणाले, “यंत्र वेगळं, मूल वेगळं. मुलाला आत्मविश्वास लागतो.” हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आठ लागला की डब्याकडे बघायला शिकवलेलं मूल पुढे जॅकेटकडे बघतं, मग रायफलकडे, मग लाइटकडे. आपल्या ट्रिगरकडे शेवटी बघतं. आणि तोवर बापाचा खिसा रिकामा झालेला असतो. मी मुलीला ते तिन्ही कागद दाखवले, व्हर्नियर तिच्या हातात दिला आणि तिलाच मोजायला लावलं. त्यानंतर तिने डब्याचं नाव काढलं नाही. पुढे स्कोअर वाढला तो त्याच डब्यावर, आणि हे त्या सरांनी वाचलं तर बरंच होईल.

आता याची दुसरी बाजूही सांगतो. फायनल आणि मोठ्या स्पर्धा दशांशात मोजतात, कमाल १०.९. तिथे पाव मिमीला ०.१ गुण. मूल सरासरी दहाच्या वर मारायला लागलं की डब्याडब्यातला फरक दिसायला लागतो. तेव्हा त्या रायफलच्या बॅरलला कोणता छर्रा मानवतो ते तपासायचं, कारण डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं वेगवेगळं येतं आणि प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. मानवलेल्या डब्याचा लॉट नंबर बघून त्याच लॉटचे आणखी डबे घेऊन ठेवायचे. पण ते सातवीतल्या नवशिक्याचं काम नाही.

छर्र्यांचंच घरी काही करायचं असेल तर निवडून घ्या. काचेच्या तुकड्यावर एकेक छर्रा हलकेच ढकलला की चांगला छर्रा एकसारखं वळण घेत जातो, घेर चेपलेला लंगडत जातो. चेपलेले वेगळ्या डबीत, ते नुसते सरावाला. काडतुसं भरण्यातली जी काटकसर तुम्हाला आवडली, तिचं आपल्याकडचं रूप एवढंच.

खरा पैसा वाचतो तो रिकाम्या सरावात. घरी भिंतीवर कागद लावा. टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो, म्हणून ३ मीटरवरून तेवढाच दिसायला ९ मिमीचा काळा ठिपका पुरतो. रेंजवर टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर असतं. घरी जवळून लावताना मुलाची रायफल नेहमी ज्या कोनात राहते त्याच कोनात राहील असं बघा. रोज अर्धा तास, छर्रा न घालता, ट्रिगर सुटल्यावर साइट कुठे हलली ते मुलाने स्वतः बोलून सांगायचं. रोज एका सामन्याचे ६० शॉट आणि वरचे साइटर, म्हणजे आधीचे नेम जुळवायचे शॉट, धरले तर ५०० चा डबा आठवडाभर पुरतो. रिकामा सराव रोज केला की तोच डबा महिना काढतो. रायफल घरी नेता येत नसेल तर साधी काठी आणि पाण्याची बाटली बांधून उभं राहायचा सराव करा, पाठ आणि पाय तेवढ्यानेही तयार होतात.

रायफल आत्ता घेऊ नका. पहिलं वर्ष रेंजची किंवा शाळेची वापरा. भोसला मिलिटरी स्कूलमध्ये तर संस्थापक डॉ. मुंजे यांच्यापासून, म्हणजे १९३७ पासून, रायफल शिक्षणाचाच भाग आहे. तुमच्या सिडकोतल्या शाळेत काही नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन शालेय स्पर्धांत कोणत्या शाळा मुलं उतरवतात ते विचारा आणि त्या शाळांच्या पालकांना गाठा. पहिली खरेदी हातमोजा, दुसरी जॅकेट, तेही वापरलेलं. मुलं दोन वर्षांत जॅकेटबाहेर वाढतात, त्यामुळे प्रत्येक रेंजवर एखादं तरी जॅकेट धूळ खात पडलेलं असतं. पँट आणि बूट राज्य स्पर्धेला जायची वेळ आली की बघू. त्या स्पर्धांचा प्रवासखर्च मात्र आत्तापासून बाजूला टाकत जा, कारण तो टळत नाही: वरळीची रेंज किंवा पुण्याचं बालेवाडी, मुलासोबत एक मोठा माणूस, रायफलची पेटी आणि राहणं. वरळीला जाताना पंचवटीने दादरला उतरायचं, पेटी वरच्या फळीवर न ठेवता सीटखाली आडवी ठेवायची.

नवी परदेशी मॅच रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. पुढे कधी वापरलेली घ्यायची झाली तर बॅरल, ट्रिगर सगळं नंतर बघा, आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. तिथे २०० बारचा दाब असतो आणि कंपन्या सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरात ठेवण्यासारखंही नाही. मला एकाने फार स्वस्तात रायफल देऊ केली होती, दोन्ही सिलिंडर मुदतीबाहेरचे. नव्या दोन सिलिंडरची किंमत धरली तेव्हा ती स्वस्त राहिली नाही.

काही गोष्टी वर लिहायला हव्या होत्या. रिकामा सराव मी सांगितला तो हवेच्या सिलिंडरवाल्या मॅच रायफलसाठी, ज्यात ड्राय फायरची, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर ओढायची, सोय असते. तुमच्या घरात जत्रेतल्यासारखी बॅरल मोडून भरायची स्प्रिंगची एअरगन असेल तर तिच्यात छर्रा न घालता ट्रिगर ओढू नका, पिस्टन आपटून सील फाटतं. घरातला सराव करताना छर्र्यांचा डबा त्या खोलीतच ठेवायचा नाही, आणि नळी कधी माणसाकडे करायची नाही, रिकामी असली तरी. छर्रा शिशाचा असतो. मुलं तो ओठांत धरून रायफल भरतात, ती सवय पहिल्याच दिवशी मोडा. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू देऊ नका, खाण्याच्या डब्याला म्हणतोय.

आणि सरांशी भांडू नका, मुलाला त्यांच्याकडेच शिकायचंय. त्यांना एवढंच विचारा की मुलाचे शॉट टार्गेटवर कुठे पडतायत, सगळे एकाच बाजूला की चहूकडे. एका बाजूला पडत असतील तर साइट किंवा उभं राहणं, चहूकडे पडत असतील तर होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणं, आणि ट्रिगर. सरांनी उत्तरात डब्याचं नाव घेतलं, तर मला निरोप पाठवा. क्लॅम्प अजून माझ्याकडे आहे, रविवारी घेऊन येतो.