कंडोमशिवाय संबंध आले, १० दिवसांनी केलेली एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे सुटलो का?

नाही, १० दिवसांच्या निगेटिव्ह रिपोर्टवर भरवसा ठेवू नका. मी लॅब टेक्निशियन आहे, असा रिपोर्ट घेऊन खुशीत घरी जाणारे बरेच बघतो. भानगड अशी की नेहमीच्या टेस्ट मुख्यतः विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधतात आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो, यालाच विंडो पिरियड म्हणतात. आता पुन्हा टेस्ट कधी करायची तर (दिवस संबंध आल्यापासून मोजा):
- शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये होणारी फोर्थ जनरेशन टेस्ट (अँटीबॉडीसोबत विषाणूचा अंशही शोधते): ४५ दिवसांनी
- बोटाला टोचून होणारी रॅपिड टेस्ट: ९० दिवसांनी

सरकारी हॉस्पिटलातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात) टेस्ट फुकट होते, माहिती गुप्त ठेवतात, काही विचारायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावा. तोवर कंडोम वापरा आणि रक्तदान तर अजिबात नको. सोबत सिफिलिसची (हाही संबंधातून पसरणारा आजार) व्हीडीआरएल ही रक्ततपासणी पण करून घ्या, एचआयव्हीच्या धास्तीत लोक ती विसरतात आणि तो आजार तर पेनिसिलिनने चक्क बरा होतो. फक्त एक, हे सगळं संबंध येऊन ७२ तास उलटून गेलेल्यांसाठी, त्याच्या आत असाल तर विंडो पिरियड वगैरे मोजत बसू नका, लगेच डॉक्टर गाठून पीईपीच्या (एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या) गोळ्या विचारा, २८ दिवसांचा कोर्स असतो आणि जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं.