ऑपरेशन झाले, आता घरातल्यांनी काय करायचे?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय ५८) गालात आतून कर्करोग झाला होता. तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झाले. जबड्याचा काही भाग आणि मानेतील गाठी काढून छातीवरचे मांस व कातडी गालाला लावली आहे. अन्न नाकातल्या नळीतून द्यावे लागते. ते सगळे आईच करते आणि तिला रात्रीची झोप उरलेली नाही. उच्चार अस्पष्ट येतात म्हणून बाबा बोलतच नाहीत, कोणी भेटायला आले की भिंतीकडे तोंड करून पडतात. डॉक्टरांनी शेक (रेडिएशन) घ्यायला सांगितला आहे, पण ‘गाठ गेली, आता पुरे’ असे त्यांनी पाटीवर लिहून दिले. मोठा भाऊ अजूनही मावा खातो. आम्ही काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात चार अडचणी आहेत, पण मुदत फक्त शेकाला आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. दिसणारी गाठ काढली तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहिलेल्या असू शकतात. त्यांच्यासाठी ज्या रुग्णांना शेक सांगितला जातो, त्यांचा तो ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. त्यातले तीन आठवडे संपले आहेत. शिवाय शेकाआधी दातांची तपासणी होऊन किडलेले दात काढावे लागतात आणि ती जखम भरायला वेळ द्यावा लागतो, त्यामुळे या आठवड्यातच रुग्णालयात जाऊन तारीख घ्या.

बाबांना समजावण्यासाठी सगळ्या भावकीला खाटेभोवती गोळा करू नका. ज्याचे ते ऐकतात अशा एकानेच त्यांच्याजवळ बसावे आणि नको का वाटते, हे आधी विचारावे. शेक बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालतो. रोजचे काम थोड्या मिनिटांचे असले तरी तेवढे दिवस शहरात राहावे लागते. ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या अनेकांच्या मनात दुखण्याच्या भीतीपेक्षा मुलाबाळांच्या खर्चाची आणि बुडणाऱ्या कामाची चिंता अधिक असते. कोण सोबत राहणार, शेताकडे कोण पाहणार, पैसे कुठून येणार, हे ठरवून त्यांच्यासमोर मांडा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार बसतात का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.

आता नळीविषयी. आईने नळीचे काम हळूहळू बाबांच्याच हाती द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णाला सर्व काही आयते देणे ही आपल्याकडे मायेची खूण समजली जाते, परंतु ज्याचे दोन्ही हात धड आहेत अशा माणसाला दर दोन-तीन तासांनी बायकोने भरवावे लागणे त्याच्या मनाला किती लागते, याचा विचार आपण करत नाही. बाबांनी ताठ बसावे, नाकपुडीशी असलेली नळीवरची खूण जागच्या जागी आहे ना ते पाहावे, आधी थोडे पाणी सोडावे, मग गाळलेले अन्न सिरिंजमधून आपोआप उतरू द्यावे आणि शेवटी पुन्हा पाणी सोडून नळी धुवावी. दट्ट्याने जोर लावू नये आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. नाचणीची पेज, घट्ट वरण, दूध, अंडे हे सर्व मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्याने गाळले की चालते. नुसत्या भाताच्या पेजेवर जखम भरत नाही. नळी निसटली तर ती घरी पुन्हा घालण्याच्या फंदात पडू नका. अन्न देताना ठसका लागणे, दम लागणे, ताप, जखमेतून रक्त किंवा पू येणे, लावलेली कातडी काळपट पडणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आईला सलग झोप मिळेल अशा रात्री तुम्ही भावंडांनी वाटून घ्या. ‘लागले तर हाक मार’ असे सांगून भागत नाही, कारण ती हाक मारणार नाही.

बोलणे आणि तोंड उघडणे सरावाने सुधारते, मात्र शेकामुळे जबडा आणखी आखडू शकतो. त्यामुळे तोंड उघडण्याचे आणि खांद्याचे व्यायाम कधी व किती करायचे, हे शल्यचिकित्सकांना विचारून लगेच सुरू करा. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या दातांमध्ये एकावर एक ठेवून रोज किती बसतात ते पाहण्याची जुनी युक्ती आजही वापरली जाते. बाबा बोलतील तेव्हा त्यांचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. समजले नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणा. ओठाला बधिरता असल्याने लाळ गळते आणि त्याची लाज वाटून अनेक रुग्ण भिंतीकडे तोंड करतात. त्यांच्या हाताशी स्वच्छ रुमाल ठेवा. भेटायला येणाऱ्यांना कोणाला आत सोडायचे, हे बाबांनाच ठरवू द्या. शहाळी घेऊन येणारे आणि तासभर दुसऱ्यांच्या कर्करोगाच्या कथा सांगणारे पाहुणे ओसरीवरून परत गेले तर कोणाचेही नुकसान होत नाही.

भावाच्या माव्याबद्दल मी सौम्य लिहिणार नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मावा घोटून देणारी टपरी प्रत्येक फाट्यावर आहे, त्यामुळे बंदीवर विसंबून उपयोग नाही. ज्या घरात बाबांना स्वतः तंबाखूपासून दूर राहायचे आहे, तिथे भावाच्या खिशातली पुडी आणि तिचा वास हा रोजचा मोह आहे. आई मिश्री लावत असेल, तर तिच्या डबीलाही हेच लागू आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दोघांनीही तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का, हे बाबांच्या पुढच्या तपासणीच्या दिवशीच दाखवून घ्यावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर सल्ला मिळतो. तो तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो, तेव्हा भावाला शोधायला लांब जावे लागणार नाही.