एकटीने बोर्नियोला जाऊ का? आठ दिवसांत नदी, जंगल आणि बेटं होतील का?

जा. मी सेहेचाळिसाव्या वर्षी एकटीच गेले होते आणि पुन्हा जायची माझी तयारी आहे. फक्त तुमच्या यादीतलं (सेपिलोकचं ओरांगउटान केंद्र, किनाबातांगान नदी, सेलिंगान आणि सिपादान बेटं) सिपादान काढा. ते मुख्यतः स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांचं ठिकाण. तो वेळ नदीला द्या. किनाबातांगानवर लोक एक रात्र राहून पुढे पळतात. तुम्ही तीन रात्री राहा.

ही ५६० किलोमीटरची नदी मलेशियाच्या साबा राज्यातली सगळ्यात लांब. संदाकान शहरातून गाडीने दोन-अडीच तासांवर सुकाऊ गाव आहे, तिथे ओरांग सुंगाई लोकांच्या घरी राहता येतं. ओरांग सुंगाई म्हणजे नदीची माणसं. पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला छोट्या बोटीतून निघायचं. पहिल्या दिवशी मला नुसती हिरवी भिंत दिसली. नावाडी हात करून दाखवायचा आणि मला काही सापडायचं नाही. दुसऱ्या दिवशी डोळे सरावले. फांदी वाऱ्याने हलली की कुणाच्या वजनाने, ते कळायला लागलं. मेनांगुल नावाच्या उपनदीत लांब नाकाची प्रोबोसिस माकडं संध्याकाळी काठच्या झाडांवर झोपायला येतात, ती मग मी आपली आपण शोधली. तिसऱ्या दिवशी नावाड्याने इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाला, "गाजा." अर्थ विचारावा लागला नाही. मलयमध्ये हत्तीला गाजाच म्हणतात, आपलाच गज. काठच्या उंच गवतात दहा-बारा हत्ती चरत होते आणि एक पिल्लू आईच्या पोटाखालून सोंड बाहेर काढत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण हे इतकं का दिसतं, ते जायच्या आधी माहीत असू द्या. संदाकान सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल तेलताडाचे मळे लागतात. जंगल उरलंय ते नदीकाठच्या पट्टीत, आणि ती काही ठिकाणी एवढी अरुंद की झाडांच्या मागे मळा दिसतो. २००५ मध्ये अभयारण्य झालं, तेही तुकड्यातुकड्यांचं. हत्ती, ओरांगउटान, धनेश काठावर दिसतात त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांना मागे सरकायला जागाच राहिलेली नाही. मी घरून नेलेल्या चिवड्याच्या पाकिटावर पामोलिन, म्हणजे याच तेलताडाचं तेल, छापलं होतं. त्या रात्री तो चिवडा माझ्या घशाखाली उतरला नाही.

सेलिंगान मात्र ठेवाच. संदाकानहून वेगवान बोटीने साधारण तासाभराचं बेट, १९७७ पासून संरक्षित. अंधार पडला की किनाऱ्यावर जायला बंदी असते. रेंजरने हाक मारेपर्यंत बसून राहायचं, मग ती आठ वाजता येवो की मध्यरात्री. हिरवं कासव अंडी घालताना बघायचं, फ्लॅश न वापरता. अंडी लगेच उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात. मी चिपळूणची, वेळासची ऑलिव्ह रिडले पिल्लं लहानपणापासून माहीत असलेली. तरीही एवढं मोठं कासव धापा टाकत वाळू उकरताना ऐकून मी गप्प झाले.

बाईमाणूस म्हणून मला त्रास झाला नाही. संदाकानमध्ये अंधार पडल्यावर एकटी हिंडले नाही, एवढंच पथ्य पाळलं. पूर्व साबाच्या समुद्रात पूर्वी अपहरणं झाली आहेत, २००० साली सिपादानवरून पर्यटकांना पळवून नेलं होतं. म्हणून निघायच्या आठवड्यात परराष्ट्र खात्याची सूचना वाचा आणि अनोळखी माणसाची खासगी होडी ठरवू नका. नदीत हात घालू नका. आपल्या वाशिष्ठीतल्या मगरींपेक्षा इथल्या खाऱ्या पाण्याच्या मगरी खूप मोठ्या असतात. शाकाहारी असाल तर "बलाचान नको" एवढं पाठ करून ठेवा, कारण साध्या पालेभाजीतही जवळ्याची ती आंबवलेली चटणी असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाळा, नदीला पूर येतो. जळवांसाठी जाड लांब मोजे न्या. क्वालालंपूरहून विमानाने गेलात तरी साबात पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो, तो सामानात टाकू नका. आणि सेलिंगानवर मुक्कामाच्या खोल्या मोजक्याच आहेत, म्हणून आधी तिथली तारीख मिळवा आणि मग नदीवरच्या तीन रात्री तिच्या मागेपुढे बसवा.