ओढा सरळ करायचा, की पाणी वरच अडवायचं?

प्रश्न : भूम तालुक्यात (जि. धाराशिव) ओढ्याला लागून आमची सहा एकर काळी जमीन आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात काठचं रान खरडून गेलं. आता आम्ही काही शेतकरी वर्गणी काढून ओढा जेसीबीने खोल आणि सरळ करणार आहोत. करावं का? विहिरीचं पाणीही दर पावसात गढूळ होतं. ते पिण्यालाही वापरतो.

उत्तर : जेसीबीची सुपारी अजून दिली नसेल, तर थांबा.

ओढा वळणं घेतो तेव्हा उतार लांबीवर वाटला जातो. वळणं काढली की तेवढाच उतार कमी अंतरात येतो, पाण्याला वेग येतो आणि ते तळ कापायला लागतं. तळ गेला की काठ ढासळतात. तुमचं पाणी लवकर जाईल हे खरं, पण ते खालच्या शिवारात एकदम जाऊन पडेल. शिवाय विहिरीच्या पाण्यापेक्षा खोल ओढा खणला, तर उन्हाळ्यात विहिरीचंच पाणी तिकडे झिरपतं. रस्त्याखालच्या मोरीत अडकलेली खोडं, प्लास्टिक, गाळ जरूर काढा. काठची करंज, निर्गुडी, बाभूळ मात्र उपटू नका. काठ त्यांच्याच मुळ्यांनी धरलेला असतो. ओढा मुळात किती रुंद होता, हे भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढून एकदा बघा. बऱ्याच ठिकाणी ओढा अरुंद आपणच केलेला असतो, हे आपल्यातच राहू द्या.

खरं काम ओढ्यात नाही, वरच्या रानात आहे. एका एकरावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. भेगाळलेली काळी जमीन पहिला पाऊस घटाघटा पिते. एकदा फुगून भेगा मिटल्या की तासाला काही मिलिमीटरच मुरतं, बाकीचं उताराने पळतं. ते पळताना अडखळलं पाहिजे. म्हणून पेरणी उताराला आडवी करा. सोयाबीन बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा-सरी यंत्राने घ्या, तुरीच्या ओळीलगत मृत सरी (पाणी मुरायला रिकामी सोडलेली सरी) काढा. माथ्याच्या मुरमाड पडीक रानात सलग समतल (एकाच पातळीत खणलेले) चर आणि घळीत अनघड (न घडवलेल्या दगडांचे) दगडी बांध, असं माथ्याकडून पायथ्याकडे या. खालून सुरुवात केलेले बांध पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जातात.

बांधावर वाळा (खस गवत) लावा. समतल रेषा काढायला महागडं यंत्र नको. सारख्या उंचीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधून खाली फाकवा, मध्ये आडवी पट्टी ठोका आणि वरच्या टोकावरून दोरीला दगड सोडा. दोरी पट्टीवर येते तिथे खूण करा. काठ्यांचे पाय अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समतल. दोरी त्या मध्यावर ठेवत पाऊल पाऊल पुढे जा आणि खुंट्या ठोकत चला. दमदार पाऊस झाल्यावर त्या रेषेत 10 ते 15 सेंटिमीटरवर ठोंब लावा आणि मेलेल्यांच्या जागी लगेच नवे लावा, कारण एक फट राहिली तरी पाणी नेमकं तिथूनच फुटतं. मुळ्या दोन-तीन मीटर खोल जातात, ओळीमागे गाळ साचतो आणि काही वर्षांत तिथे आपोआप ताल (पायरीसारखा मातीचा बांध) तयार होते. लागवडीचा वाळा बी टाकून रानभर पसरत नाही, ती भीती नको.

ओढ्याकाठचा पाच मीटरचा पट्टा नांगरायचा सोडा आणि तिथे मारवेल किंवा नेपियर गवत लावा. शंभर मीटर काठाला पाच गुंठे जातात. पण ते रान तसंही दरवर्षी वाहून जातंय. आता निदान दुभत्या जनावरांना वैरण मिळेल.

एक स्पष्ट सांगतो. महिनाभर भिजलेल्या जमिनीवर ढग फुटल्यासारखा पाऊस पडला, तर यातलं काहीही पूर थोपवणार नाही. जून-जुलैच्या एखाद्या जोरदार सरीचा लोंढा मात्र नक्की कमी होईल. बोअरचं पाणी उपसून भरलेलं प्लास्टिकचं शेततळं हा पुरावरचा उपाय नाही, त्याला पुराच्या कामात धरू नका. वनराई बंधाराही (मातीच्या पोत्यांचा तात्पुरता बांध) पावसाळा सरल्यावर, ओढ्याची धार बारीक झाल्यावर घालायचा असतो. जुलैत घातला तर पोत्यांसह जाईल.

आता विहीर. गढूळपणा वरच्या उघड्या मातीतून येतो. काठावर कठडा बांधा, उकिरडा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हलवा. डीएपी खत पावसाच्या तोंडावर फेकू नका. त्यातला स्फुरद (फॉस्फरस) मातीला चिकटून मातीबरोबर ओढ्यात जातो. युरियाचं तसं नाही. त्यातून तयार होणारा नायट्रेट पाण्यात विरघळून थेट विहिरीत उतरतो, म्हणून पाणी नितळ दिसलं म्हणजे चांगलं असं समजू नका. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरल्या असतील तर वरून युरिया देण्याचं कारणच नाही.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं, आणि तान्ह्या बाळाला ते सर्वांत धोक्याचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, पंप दहा मिनिटं चालवून मग भरा आणि त्याच दिवशी पोचवा. एक नमुना पावसाळ्यात आणि एक मे महिन्यात द्या. अहवाल आला की घेऊन आमच्या कार्यालयात या, खताचा हिशेब समोर बसून करू.