शब्द फोडायला शीक

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला होता. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या अंगावर अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक कसं येतं, ते मी 30 वर्षं वर्गात पाहिलंय. पण तू शब्दांच्या याद्या घोकत बसतेस, हे ऐकून वाईट वाटलं. घोकू नकोस. शाळेत संधी सोडवायचीस ना, तसा शब्द फोड.

तुला ते सोपं जाईल, कारण ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. ग्रीक 'ऑस्टिऑन' म्हणजे अस्थी, 'ओडोन्ट' म्हणजे दंत, 'गोनी' म्हणजे जानू, गुडघा. 'अनिच्छा'तला 'अन्' अ‍ॅनिमियातही तोच, पुढे 'हायमा' म्हणजे रक्त. 'डिस्प्निया'तला, म्हणजे धाप लागण्यातला, 'डिस्' हा दुष्काळातला 'दुस्'. 'हायपो' म्हणजे खाली, कमी, तो आपल्या 'उप'चा भाऊ; 'हायपर' म्हणजे वर, जास्त, तो 'उपरि'चा.

या दोन भावांना मात्र जप. इंटर्न असताना रात्री फोनवर मला 'हायपोकॅलेमिया', म्हणजे रक्तात पोटॅशियम कमी, असं सांगितलं आणि मी केसपेपरवर 'हायपर' लिहिलं. एकात पोटॅशियम द्यायचं असतं, दुसऱ्यात उतरवायचं. सिस्टरनी रिपोर्ट पडताळला म्हणून पेशंट वाचला. तेव्हापासून फोनवर मी 'पोटॅशियम कमी' असंच म्हणतो आणि आकडा दोनदा सांगतो. तूही तसंच कर.

शेपटांकडेही लक्ष दे. 'टोमे' म्हणजे छेद, 'स्टोमा' म्हणजे तोंड, 'एक्' म्हणजे बाहेर. गॅस्ट्रोटॉमीत जठराला छेद देतात, गॅस्ट्रोस्टॉमीत त्याला पोटावर तोंड काढून देतात, गॅस्ट्रेक्टॉमीत ते कापून काढतात.

पण फोड म्हणजे व्याख्या नव्हे. नाव ठेवणाऱ्याला काय वाटलं, एवढंच ती सांगते. 'आर्टेरिया' हा शब्द ग्रीकांनी श्वासनलिकेसाठीही वापरला. प्रेतातल्या धमन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा वाहते असं काही मोठ्या वैद्यांनाही वाटे. दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधून मध्ये उघडली. आत रक्तच होतं. समजूत गेली, नाव राहिलं. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांमुळे 'खरखरीत आर्टेरिया' म्हणत. पुढे त्यातला 'खरखरीत' एवढाच शब्द उरला, तोच 'ट्रेकिया'. मला हा शब्द फार आवडतो, बोट गळ्यावर ठेवलं की अर्थ हाताला लागतो.

'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. हिस्टेरेक्टॉमीत ते मूळ योग्य जागी आहे. 'हिस्टेरिया' या जुन्या निदानात त्याच मुळाने बायकांचं शतकानुशतकं नुकसान केलं. त्यांचं दुखणं ऐकून न घेता गर्भाशयाच्या माथी मारलं गेलं. उद्या ओपीडीत कुणी हा शब्द सहज वापरला, तर तू तो उचलू नकोस. त्या बाईला आधी बसव, काय होतंय ते विचार.

दिवाळीत येशील तेव्हा वही आण. 'कॉक्सिक्स'पासून सुरुवात करू. ग्रीकांना त्या हाडात कुक्कू पक्ष्याची चोच दिसली, आपण त्याला माकडहाड म्हणतो.

तुझा,
काका