एकालाही प्रभूकडे आणलं नाही, मग माझ्या ख्रिस्ती जीवनाला फळ नाही का?

तुम्ही विचारलंय की दर रविवारी उपासनेला जातो, उत्पन्नाचा दहावा भाग म्हणजे दशांश देतो, उपास-प्रार्थना चुकवत नाही. पण सभेत एका वक्त्याने सगळ्यांसमोर 'तुझं फळ दाखव' म्हटलं, तेव्हा बोट दाखवायला माझ्यामुळे आलेला एकही नवा विश्वासी नव्हता. मग फळ म्हणजे नक्की काय, आणि ते नसेल तर तारण, म्हणजे पापापासून मिळालेली सुटका, जातं का?

मी जालना जिल्ह्यातला, मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, साधा सभासद. पाळक नाही, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहितो.

सुवार्तेमुळे विश्वासात आलेल्या माणसांनाही शास्त्रात फळ म्हटलंय. प्रेषित पौल रोमच्या मंडळीला त्याच अर्थाने लिहितो. त्यामुळे ते वक्ते अगदीच चुकले असं नाही. पण माणसाचं आत्मिक जीवन तपासायचं असेल तर पौलाचं गलतीकरांस पत्र, गलती 5:22-23, उघडावं लागतं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातलं काय मोजून अहवालात लिहिता येईल?

ही यादी कुणाला लिहिली तेही बघा. गलतीयातल्या मंडळ्यांत विश्वासी माणसाला सुंता हवीच का, यावरून जुंपली होती. त्याच अध्यायात थोडं वर पौल त्यांना म्हणतो की तुम्ही एकमेकांना चावत आणि खात असाल तर सांभाळा. त्यानंतर देहाच्या कर्मांची यादी येते. त्यातलं जारकर्म, मूर्तिपूजा आणि दारू यांवर आपले उपदेशक तासभर बोलतात. मधल्या ओळी मात्र भरभर वाचून पुढे सरकतात: वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद. मंडळीच्या कमिटीची निवडणूक ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आत्म्याचं हे फळ एकट्याने खोलीत बसून येत नाही. त्रास देणारं कुणी असल्याशिवाय सहनशीलता दिसायची कुठे? आपला हात वर असतो तिथेच सौम्यता कळते. आपल्याकडे सालगड्याचा हिशोब पाडव्याला होतो. उचल किती, खाडे किती, बाकी किती. मालक ख्रिस्ती असेल तर त्याचं फळ त्या दिवशी त्या वहीत बघावं, असं माझं मत आहे. याकोब 5:4 मध्ये कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे. यशया 5 मधला द्राक्षमळाही असाच. देवाने न्यायाची वाट पाहिली, तर मिळाला रक्तपात. मजुरी बुडवायची आणि दशांश वेळेवर द्यायचा, हे गणित शास्त्रात कुठेच बसत नाही.

आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना होते अशा मोठमोठ्या चंगाई सभांना जात असाल तर मत्तय 7 सुद्धा वाचून ठेवा. 'त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल' हे प्रभू म्हणाला, आणि लगेच पुढे अशा माणसांबद्दल बोलला ज्यांनी त्याच्या नावाने संदेश दिले, भुतं काढली, अद्भुतं केली. त्यांना तो म्हणेल, मला तुमची कधी ओळखच नव्हती. कृपादानं, म्हणजे देवाने दिलेली अशी खास सामर्थ्यं, असणं आणि फळ असणं या दोन गोष्टी एकाच माणसात असतीलच असं नाही.

किती जण विश्वासात आणले, या आकड्यांवरून आठवलं. आमच्या जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव आहे. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी ते 19व्या शतकात, निजामाच्या मुलखात वसवलं. ते ब्राह्मण घरातले; 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. स्कॉटिश मिशनचं काम, म्हणजे किती बाप्तिस्मे झाले ते कळवावं लागतच असणार, आणि त्यात गैर काही नाही. मला मोठं वाटतं ते दुसरंच. त्या काळात ज्यांची सावलीही चालत नव्हती, त्या मांग-महार कुटुंबांच्या संसारासाठी या माणसाने आपलं आयुष्य वेचलं.

फळ येतं कसं, याचं उत्तर योहान 15 मध्ये आहे: वेलात राहिल्याने. फांदीने जोर लावून काही होत नाही. आमच्याकडे मोसंबी आहे म्हणून सांगतो. झाडाला पाणसोट फुटतात. सरळ, जाडजूड, हिरवेगार. नवख्याला तीच फांदी सगळ्यात जोमदार वाटते. पण ती नुसतं अन्न खाते, म्हणून काढून टाकावी लागते. मंडळीतल्या कामाचंही तसं होतं. बॅनर, मंडप, साउंड, फोटो यांचा पसारा वाढतो, आणि वचनाजवळ बसायला वेळ राहत नाही. बहार धरायचा तर झाडाला ताणही द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं थोडी पिवळी पडू द्यायची, मग पाणी सोडलं की फूल निघतं. विश्वासातल्या कोरड्या दिवसांचं बऱ्याचदा असंच असतं, म्हणून प्रार्थना रुक्ष वाटली की लगेच 'देवाने मला टाकलं' असं समजू नका.

पण हे दुसऱ्याला सांगताना जपून. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. तो बहारासाठी दिलेला ताण नव्हता. ज्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी गेला, त्या घरी सांत्वनाला जाऊन 'देव छाटणी करतोय' म्हणणं मला क्रूर वाटतं. तिथे गप्प बसावं, किराणा भरून द्यावा, पोरांच्या फीचं बघावं. ममता म्हणतात ती हीच.

आता तारण. इफिस 2:8-9 स्पष्ट आहे: कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. दहाव्या वचनात लगेच सांगितलंय की सत्कृत्यांसाठीच आपण घडवलेले आहोत. म्हणजे फळ ही तारणाची किंमत नाही, ते जिवंतपणाचं लक्षण आहे. योहान 15:6 मधल्या जाळल्या जाणाऱ्या फांद्यांवर पंथापंथांत मतभेद आहेत. कुणी म्हणतं तारण गमावता येतं, कुणी म्हणतं ते मुळात विश्वासीच नव्हते. तो वाद इथे मिटणार नाही. मी घाबरलेल्या माणसाला लूक 13 दाखवतो. तीन वर्षं फळ न देणारं अंजिराचं झाड मालक तोडायला सांगतो, आणि माळी म्हणतो, हे वर्षही राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. ज्याला फळाची काळजीच नाही, त्याला मात्र तोच दाखला भीती वाटावी म्हणून वाचायला देईन.

तुमच्याबद्दल मी दुरून काय सांगणार? घरी विचारा. मंडळीत नको, तिथे सगळे चांगलंच बोलतात. बायकोला विचारा, गेल्या दोन-तीन वर्षांत माझा राग कमी झाला का. भावाशी बांधावरून बोलणं बंद असेल तर ते अजून बंदच आहे का, ते बघा. उत्तर मनासारखं आलं नाही तरी वाद घालू नका.

राहिली साक्ष. ती जरूर द्या. 1 पेत्र 3:15 म्हणतं, तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या. आधी त्याने विचारलं पाहिजे. शेजाऱ्याने तुम्हाला आजवर काही विचारलं नसेल, तर त्या वक्त्यांच्या आकड्यापेक्षा मी या गोष्टीचा जास्त विचार करीन.